बचाव समितीला घटना कशासाठी?

लहान संस्थांचे हिशेब तपासण्याचे काम मी गेली सत्तावीस वर्षे करतो आहे. देवस्थाने, वाचनालये, गणेशोत्सव मंडळे, तालमी, महिला मंडळे अशी माझी गिऱ्हाइके. या यादीत अलीकडे एका नव्या जातीची भर पडली आहे: टेकडी बचाव, नदी बचाव, खाडी बचाव, झाडे वाचवा. इतर संस्था मार्च संपला की येतात. या मंडळींना मार्चचे सोयरसुतक नसते. ती येतात तेव्हा कुठल्या तरी नोटिशीची मुदत आठ दिवसांवर आलेली असते, कापडी पिशवीत नकाशांच्या झेरॉक्स असतात आणि प्रश्न एकच असतो : "सर, रजिस्ट्रेशन किती दिवसांत होईल?"

या प्रश्नामागे एक समजूत असते. नोंदणी क्रमांक नसेल तर अधिकारी अर्ज घेणार नाही, न्यायालय उभे करणार नाही आणि वर्तमानपत्रवाला दोन ओळीही छापणार नाही, ही ती समजूत. मी बाहेरच्या खोलीत बसवून चहा देतो आणि आधी हेच सांगतो की तुमच्या आठ दिवसांच्या कामासाठी नोंदणीची गरज नाही. त्यावर बहुतेकांचे चेहरे पडतात. पुढचे सांगायला मात्र तासभर लागतो. तो तासभराचा मजकूर एकदा नीट मांडून ठेवावा म्हणून हा लेख.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचा कायदा २०१० सालचा. त्यात 'व्यक्ती' या शब्दाची जी व्याख्या आहे तीत माणसांचा समूहही येतो, आणि तो नोंदलेला असो वा नसो, असे शब्द तिथे स्पष्ट आहेत. न्यायाधिकरणाच्या पश्चिम विभागाचे खंडपीठ पुण्यात बसते. नुकसानभरपाई मागायची नसेल तर अर्जाचे शुल्क एक हजार रुपये. उच्च न्यायालयात जनहित याचिका एकटा नागरिकही करू शकतो. त्याने आपला यात खासगी स्वार्थ नाही हे सांगावे लागते, एवढेच. २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेखाली जी जनसुनावणी होते, तिची नोटीस निदान तीस दिवस आधी निघावी लागते, आणि सुनावणीला गणपूर्तीची अट नाही. याचा एक अर्थ असा की पाचच माणसे आली तरी सुनावणी वैध ठरते. दुसरा अर्थ असा की त्या पाचांपैकी प्रत्येकाला बोलायचा हक्क आहे आणि त्याचे बोलणे इतिवृत्तात यावेच लागते. तिथे कोणी घटनेची प्रत मागत नाही.

माहितीच्या अधिकारात तर गंमत उलटीच आहे. २००५ चा तो कायदा हक्क देतो नागरिकाला. संस्था ही नागरिक नव्हे. त्यामुळे संस्थेच्या लेटरहेडवर, अध्यक्षांच्या शिक्क्यानिशी केलेला अर्ज एखाद्या हुशार माहिती अधिकाऱ्याने परत पाठवला तर त्याला दोष देता येत नाही. अर्ज साध्या कागदावर, स्वतःच्या नावाने, दहा रुपयांचा स्टॅम्प लावून करावा. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे, हेही ध्यानात असावे. मी पाहिलेल्या अर्जांपैकी निम्म्यांत पहिले शंभर शब्द संतापात गेलेले असतात.

मग नोंदणी करायचीच कशाला? याचे उत्तर काळाच्या हिशेबात आहे, आणि तो हिशेब दोन टोकांचा आहे.

एका टोकाला अतिशय आखूड मुदती आहेत. प्रादेशिक व नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली विकास आराखड्यात फेरबदल करायचा असेल, टेकडीवरचे आरक्षण उठवायचे असेल, तर हरकतींना महिनाभर मिळतो. नोटीस राजपत्रात येते, आणि राजपत्र सकाळच्या चहाबरोबर कोणी वाचत नाही. प्रकल्पाला मिळालेल्या पर्यावरण मंजुरीविरुद्ध हरित न्यायाधिकरणात अपील करायला तीस दिवस, आणि पुरेसे कारण दाखवले तर आणखी साठ. त्या नव्वदाव्या दिवसानंतर उशीर माफ करण्याचा अधिकार न्यायाधिकरणालाही नाही. इतर वादांत मुदत सहा महिन्यांची, पण तीही वादाचे कारण पहिल्यांदा घडले त्या दिवसापासून. तुमच्या लक्षात आले त्या दिवसापासून नव्हे. मोठ्या गृहबांधणी प्रकल्पांना तर जनसुनावणीतूनच सूट आहे, त्यामुळे पहिली बातमी बहुतेकदा जेसीबीचीच असते.

दुसऱ्या टोकाला अतिशय लांब प्रकरणे आहेत. मुंबईच्या खारफुटीचे उदाहरण घ्या. 'बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुप' ही संस्था १९७९ पासूनची. खारफुटी तोडून भराव घालण्याविरुद्ध तिने मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली ती २००४ मध्ये. २००५ च्या ऑक्टोबरात राज्यभर खारफुटी तोडायला मनाई करणारा अंतरिम आदेश आला. अंतिम निकाल आला १७ सप्टेंबर २०१८ रोजी. मधल्या चौदा वर्षांत याचिका जिवंत ठेवणे म्हणजे प्रत्येक तारखेला वकील उभा करणे, नव्या भरावाचे फोटो आणि सर्व्हे नंबर गोळा करणे, सरकारी प्रतिज्ञापत्राला उत्तर देणे. एवढ्या काळात माणसे निवृत्त होतात, आजारी पडतात, मुलांकडे बंगळूरला राहायला जातात. एकट्या नागरिकाच्या नावाची याचिका त्या नागरिकाच्या तब्येतीवर अवलंबून असते.

थोडक्यात, आखूड मुदतीसाठी जागी माणसे लागतात आणि लांब प्रकरणासाठी टिकणारे दप्तर लागते. नोंदणीने पहिली गोष्ट मिळत नाही. दुसरी मिळू शकते.

हे मी सर्वांत स्पष्टपणे डहाणूच्या कागदांतून शिकलो. पालघर जिल्ह्यातला हा तालुका. किनाऱ्यावर मच्छीमार, पट्टीला चिकूच्या वाड्या, मागे डोंगरात वारली पाडे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईला वीज पुरवणाऱ्या कंपनीच्या ५०० मेगावॉटच्या औष्णिक केंद्रासाठी इथली जागा ठरली. स्थानिकांनी 'डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण गट' या नावाने विरोध केला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९९१ मध्ये ते हरले. केंद्र उभे राहिले. बहुतेक बचाव समित्यांची गोष्ट इथेच संपते : बॅनर माळ्यावर जाते, वर्गणीचे उरलेले पैसे कोणाकडे हे कोणी विचारत नाही.

डहाणूत तसे झाले नाही. हरल्याच्याच वर्षी, २० जून १९९१ रोजी, केंद्राने संपूर्ण तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून अधिसूचित केला आणि भोवती पंचवीस किलोमीटरचा पट्टा राखला. उद्योगांची प्रतवारी झाली, तालुक्यात उद्योगांसाठी जास्तीत जास्त पाचशे एकर ही मर्यादा आली. अधिसूचना कागदावर होती. ती पाळली जात नाही म्हणून पुन्हा सर्वोच्च न्यायालय. या वेळी याचिकेवर नाव होते बिट्टू सहगल या संपादकाचे, म्हणजे एका व्यक्तीचे. ३१ ऑक्टोबर १९९६ च्या आदेशाने तालुक्यासाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमण्याचे ठरले आणि निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष झाले. १९९८ मध्ये या प्राधिकरणाने वाढवण येथील प्रस्तावित बंदर या तालुक्यात बसत नाही असा निर्णय दिला. पुढे त्याने औष्णिक केंद्राला धुरातला गंधक काढणारी यंत्रणा बसवायला लावली. जी लढाई १९९१ मध्ये हरली होती, तिच्यातली एक महत्त्वाची मागणी अशी सोळा वर्षांनी, २००७ मध्ये, पदरात पडली.

न्यायालयाचे दार एका माणसाच्या सहीनेही उघडले, हे इथे दिसते. पण दार उघडल्यानंतर प्राधिकरणाच्या बैठकांना वर्षानुवर्षे हजर राहणे, कुठल्या रस्त्यासाठी किती झाडे तोडायचा प्रस्ताव आहे ते वाचणे, मागच्या अटी पाळल्या का हे विचारणे, ही कामे स्थानिक मंडळींनी केली. त्यांना बातमीत जागा मिळत नाही. त्यांना लागते एक पत्ता, एक कपाट आणि मागच्या बैठकीत काय ठरले हे सांगू शकणारी व्यक्ती.

डहाणूची गोष्ट गोड शेवटाची नाही, तेही सांगितले पाहिजे. न्यायमूर्ती धर्माधिकारींचे २०१९ च्या जानेवारीत निधन झाले. प्राधिकरण गुंडाळण्याच्या हालचाली आधीपासून होत्याच. पुढे नव्या अध्यक्षांखाली, ३१ जुलै २०२३ रोजी, त्याच प्राधिकरणाने वाढवण बंदराला सशर्त मान्यता दिली. २०२४ च्या एप्रिलमध्ये उच्च न्यायालयाने ती उचलून धरली आणि ऑगस्टच्या अखेरीस सुमारे ७६ हजार कोटींच्या बंदराची पायाभरणी झाली. १९९८ ला 'नाही' म्हणणारी आणि २०२३ ला 'हो' म्हणणारी संस्था एकच. तेव्हा औपचारिक यंत्रणा मिळाली म्हणजे जमीन वाचली असे कोणी समजू नये. मात्र त्या पंचवीस वर्षांत तिथल्या मच्छीमारांच्या दोन पिढ्या समुद्रावर गेल्या, हेही त्याच हिशेबात धरावे लागते.

गोव्यातही हेच वेगळ्या वेषात दिसते. २००६ मध्ये प्रादेशिक आराखडा २०११ आला आणि हिरव्या जमिनी वसाहतींकडे वळवल्याचे लोकांच्या ध्यानात आले. डिसेंबरात 'गोवा बचाव अभियान' उभे राहिले, सभा भरल्या, आणि पुढच्याच महिन्यात, जानेवारी २००७ मध्ये, सरकारने आराखडा मागे घेत असल्याचे जाहीर केले. इतका झटपट विजय मला दुसरा माहीत नाही. पण जमिनीचा वापर बदलण्याची इच्छा काही मागे घेतली गेली नव्हती. नगरनियोजन कायद्यात २०१८ मध्ये कलम १६-बी आले, २०२३ मध्ये १७(२), २०२४ मध्ये ३९-ए. प्रत्येक वेळी नवे शब्द आणि नवा खटला. तिथे १९८६ पासून काम करणारी 'गोवा फाउंडेशन' ही संस्था आहे. खाणींच्या प्रकरणात तिने २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जी याचिका केली तिचा निकाल २०१४ मध्ये आला, आणि त्यानंतर सरकारने नूतनीकरण केलेले ८८ खाणपट्टे २०१८ मध्ये पुन्हा त्याच संस्थेच्या याचिकेवर रद्द झाले. मोर्चाने आराखडा गेला, खाणपट्टे गेले ते दप्तराने. दोन्ही लागतात, पण दोन्ही कामांचा पिंड वेगळा आहे.

आता घटनेकडे वळतो. महाराष्ट्रात संस्था नोंदणी कायदा, १८६० खाली सात जणांनी मिळून संस्था नोंदता येते. अशी संस्था धर्मादाय कामासाठी असेल तर ती आपल्याकडे सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थाही ठरते, म्हणून १९५० च्या विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली दुसरी नोंदणी तीन महिन्यांच्या आत मागावी लागते. एका संस्थेला दोन क्रमांक असतात ते यामुळे. लोक ज्याला 'एफ नंबर' म्हणतात तो यातला दुसरा. दोन्ही कामे धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातच होतात.

सगळ्यांत जास्त वेळ उद्देशांच्या कलमावर घालवावा, असे माझे ठाम मत आहे, आणि प्रत्यक्षात लोक सगळ्यांत कमी वेळ त्यावरच घालवतात. दुसऱ्या कुणाची तरी घटना आणतात आणि गावाचे नाव बदलतात. मी एका टेकडीच्या संस्थेच्या घटनेत 'मूकबधिर मुलांसाठी वसतिगृह चालवणे' हा उद्देश वाचला आहे. त्याने बिघडत काहीच नाही, फक्त समोरचा वकील तो न्यायालयात मोठ्याने वाचून दाखवतो. दुसरी टोकाची पद्धत म्हणजे 'अमुक रस्त्याला विरोध करणे' एवढाच उद्देश लिहिणे. धर्मादाय उद्देशांत 'सर्वसाधारण लोकोपयोगी काम' बसते; एखाद्या प्रकल्पाला विरोध हा त्या कामाचा परिणाम असू शकतो, उद्देश नव्हे. शिवाय उद्या रस्त्याची आखणी शंभर मीटर सरकली किंवा रस्त्याऐवजी बोगदा आला तर संस्थेचे काय करायचे? उद्देश बदलता येतात, पण कलम १२ प्रमाणे खास सभेत तीन पंचमांश मते, मग महिन्यानंतर दुसऱ्या सभेत पुन्हा तितकीच, एवढा घाट घालावा लागतो. त्यापेक्षा पहिल्याच दिवशी लिहावे : अमुक टेकड्या, त्यांवरचे ओढे, पाणलोट, झाडे व प्राणी यांचे जतन, त्यांचा अभ्यास आणि नोंदी ठेवणे, लोकांना माहिती देणे, नियोजनाच्या प्रस्तावांवर हरकती व सूचना नोंदवणे, आणि या कामांसाठी प्राधिकरणे, न्यायाधिकरणे व न्यायालयांपुढे उभे राहणे. हे शेवटचे वाक्य असले की 'तुमच्या घटनेत खटला चालवणे कुठे आहे?' हा प्रश्न उद्भवत नाही.

दुसरे कलम सभासदत्वाचे. इथे भाबडेपणा महागात पडतो. एका उपनगरातल्या समितीने 'प्रभागातील कोणीही सज्ञान रहिवासी अकरा रुपये भरून सभासद होऊ शकेल' असे मोठ्या मनाने लिहिले होते. वार्षिक सभेच्या पंधरा दिवस आधी एकशे चाळीस नवे सभासद आले. सगळ्यांचे पैसे दोनच माणसांनी भरले होते. सभेत नवे कार्यकारी मंडळ निवडून आले आणि त्याच्या दुसऱ्या बैठकीत, ज्या बांधकामाविरुद्ध संस्था स्थापन झाली होती त्याला संस्थेची हरकत नसल्याचा ठराव झाला. सारे कायदेशीर. जुनी मंडळी माझ्याकडे आली तेव्हा घटना वाचून मी त्यांना एवढेच सांगू शकलो की नव्या मंडळाने काही चुकीचे केलेले नाही.

म्हणून मताचा हक्क सभासद झाल्यावर निदान वर्षभराने मिळावा, अर्जावर दोन जुन्या सभासदांच्या सह्या असाव्यात, आणि अर्ज कार्यकारी मंडळाने मंजूर करावा, अशी तरतूद ठेवावी. हे लोकशाहीला धरून नाही असा आक्षेप तरुण कार्यकर्ते घेतात. तो अगदीच चुकीचा नाही. दारे फार बंद केली की पंधरा वर्षांनी सात जणांचे चार उरतात, सरासरी वय बहात्तर, आणि कोरम भरत नाही. दर दोन वर्षांनी किमान तिघे नवे मंडळात यावेत अशी अट काही संस्थांनी घातली आहे. मला ती आवडते.

याला जोडून १८६० च्याच कायद्याचे कलम १५ माहीत असावे. ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून जास्त थकली आहे त्याला मत नाही, आणि तो सभासद म्हणून मोजलाही जात नाही. आंदोलनाच्या धामधुमीत वर्गणी कोण मागतो! पण मग सगळेच थकबाकीदार असतात आणि त्यांनी निवडलेले मंडळ कायद्याच्या नजरेत हवेत लटकते. प्रतिपक्षाला हे शोधायला फार कष्ट पडत नाहीत, पावतीपुस्तक पाहायला मागितले की झाले.

तिसरी गोष्ट ठराव. कलम ६ प्रमाणे संस्थेचा दावा अध्यक्ष किंवा सचिव अशा पदाधिकाऱ्याच्या नावाने, नियमांत ठरल्याप्रमाणे, चालतो. 'याचिका करण्याचा व प्रतिज्ञापत्रावर सही करण्याचा अधिकार अमुक यांना देण्यात येत आहे' हा एका ओळीचा ठराव तारखेनिशी इतिवृत्तात असला पाहिजे. तो नसतो. मग तारखेच्या आदल्या रात्री तो मागच्या तारखेने लिहिण्याचा मोह होतो. तो करू नये. न्यायालयात खोटा कागद देण्यापेक्षा व्यक्तीच्या नावाने नवी याचिका करणे परवडते.

नोंदणीचा एक फायदा मात्र फार थोड्यांना ठाऊक असतो. कलम ८ म्हणते की संस्थेविरुद्ध हुकूमनामा झाला तर वसुली संस्थेच्या मालमत्तेतून होईल, ज्याच्या नावाने दावा चालला त्या पदाधिकाऱ्याच्या घरादारातून नव्हे. बिल्डरची कोट्यवधींच्या नुकसानीची नोटीस पहिल्यांदा घरी येते तेव्हा पेन्शनर सचिवाच्या बायकोला झोप लागत नाही. तिला हे कलम वाचून दाखवावे. अर्थात याने सगळे झाकले जात नाही : सचिवांनी स्वतः भाषणात कोणाला चोर म्हटले असेल तर बदनामीची फौजदारी तक्रार त्यांच्यावरच होते.

पैशांविषयी मी जरा जास्त बोलतो, तो माझ्या धंद्याचा दोष समजा. नोंदणीआधीच्या दिवसांत वर्गणी खजिनदाराच्या मोबाईलवर, क्यूआर कोडने, त्याच्या बचत खात्यात येते. वकिलाची फी, तज्ज्ञाचा अहवाल, झेरॉक्स असे करत चार-पाच लाख त्या खात्यातून फिरतात, आणि दोन वर्षांनी आयकर खाते त्या गृहस्थाला विचारते की हे उत्पन्न कुठले. संस्थेचे खाते, दोन सह्या आणि प्रत्येक देणगीदाराचे नाव-पत्ता, एवढे पहिल्या महिन्यापासून हवे. आयकर कायद्यातल्या धर्मादाय उद्देशाच्या व्याख्येत पर्यावरणाचे जतन स्वतंत्रपणे नमूद आहे, त्यामुळे सवलतीची नोंदणी मिळायला तत्त्वतः अडचण नाही. निनावी देणग्यांवर मात्र मर्यादेपलीकडे वेगळा कर बसतो.

परदेशातल्या नातेवाइकांच्या देणग्या हा खास आपल्याकडचा खड्डा. न्यू जर्सीतला भाचा अजून भारतीय पासपोर्टवर असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पैसे पाठवील तर ती विदेशी देणगी नव्हे. त्याने तिथले नागरिकत्व घेतले असेल तर, ओसीआय कार्ड असले, मराठी मंडळाचा अध्यक्ष असला आणि टेकडीच्या पायथ्याशी वाढलेला असला तरीही ती विदेशी देणगी आहे, आणि २०१० च्या विदेशी अंशदान कायद्याखाली परवानगी नसताना ती घेणे हा गुन्हा आहे. विकासाला विरोध करणाऱ्या संस्थेविरुद्ध पहिली तक्रार होते ती बहुधा 'परदेशी पैसा' याच नावाने. पन्नास डॉलरसाठी तिला पुरावा देऊ नये.

एवढे झाल्यावरही दर वर्षीचे काम उरतेच. लेखापरीक्षण, वार्षिक सभा आणि मंडळात बदल झाला की नव्वद दिवसांत बदल अर्ज. हा बदल अर्ज म्हणजे आपल्याकडच्या संस्थांचे दुखणे आहे. दोन गटांनी दोन अर्ज दिले की कोणते मंडळ खरे याची सुनावणी सुरू होते आणि ती टेकडीच्या खटल्यापेक्षा लांबते. पर्यावरणासाठी जमलेली, एकमेकांवर जीव टाकणारी माणसे धर्मादाय कार्यालयाच्या व्हरांड्यात समोरासमोरच्या बाकांवर बसलेली मी पाहिली आहेत. ज्या गटात आधीच दोन तट आहेत त्याला मी नोंदणी करू नका असे स्पष्ट सांगतो. तसेच ज्यांचा प्रश्न खरोखर एकाच हरकतीचा, एकाच महिन्याचा आहे त्यांनाही. शंभर नागरिकांनी आपापल्या नावाने, आपापल्या शब्दांत दिलेल्या शंभर हरकती नियोजन समितीपुढे संस्थेच्या एका देखण्या पत्रापेक्षा जड असतात.

गावांच्या बाबतीत आणखी एक विचार करावा लागतो. तिथे कायद्याने मान्य केलेली संस्था आधीच असते, ती म्हणजे ग्रामसभा. ओडिशातल्या नियमगिरी डोंगरावरच्या बॉक्साइट खाणीबाबत सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ रोजी प्रश्न ग्रामसभांकडे सोपवला, आणि बाराच्या बारा ग्रामसभांनी खाण नाकारली. गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाने वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळवले तेही ग्रामसभेच्या जोरावर. अशा ठिकाणी तालुक्याच्या गावातल्या सात सुशिक्षितांनी नोंदलेली संस्था 'आम्ही स्थानिकांच्या वतीने' म्हणू लागली की घोळ होतो. कंपनीही चर्चेसाठी तिलाच बोलावते, कारण तिच्याशी इंग्रजीत बोलता येते. संस्थेने नकाशे वाचून द्यावेत, अहवालाचे मराठी करून द्यावे, प्रवासाचा खर्च करावा. ठराव ग्रामसभेचाच असावा.

शेवटचे कलम विसर्जनाचे. ते कोणी वाचत नाही, कारण त्या दिवशी सगळे उत्साहात असतात. तीन पंचमांश सभासदांनी ठरवले तर संस्था बंद करता येते, आणि कर्ज भागवून उरलेली मालमत्ता सभासदांत वाटता येत नाही. ती दुसऱ्या संस्थेकडे जाते. बचाव समितीची मालमत्ता म्हणजे बहुधा एक संगणक, दोन कपाटे आणि फायली. या फायली कोणाकडे जाव्यात हे घटनेतच लिहून ठेवा, असा माझा आग्रह असतो : जवळच्या महाविद्यालयाचे ग्रंथालय, जुने सार्वजनिक वाचनालय, नाहीतर शेजारच्या टेकडीची संस्था. गेल्या वर्षी एका बंद पडलेल्या नदी समितीचे दप्तर मला तिच्या दिवंगत सचिवांच्या गॅलरीत, पावसाने फुगलेल्या खोक्यांत सापडले. त्यात १९९० च्या दशकातल्या पूररेषेच्या नकाशाची शिक्क्यानिशी प्रत होती. तशी प्रत आमच्याकडे नाही, असे उत्तर संबंधित कार्यालयाने माहितीच्या अधिकारात नुकतेच दिले होते. तो नकाशा आता वाळवून, लॅमिनेट न करता, बटर पेपरमध्ये घालून ठेवला आहे, आणि त्याच नदीवरच्या नव्या रस्त्याच्या प्रकरणात त्याची सत्यप्रत दाखल झाली आहे.